धाकटीच्या वाट्याचं बोलणं

दोघी जुळ्या. एक जरा आधी जन्मली, तेवढ्या भांडवलावर ती जन्माची ताई झाली. तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतही थांबत नाही, असं आई म्हणायची. धाकटी मात्र कायम मूग गिळून. तहान तिला लागली तरी पाणी ताईच मागायची.

शाळेत बाईंनी धाकटीला बेरीज विचारली की उत्तर ताईच्या तोंडून यायचं. नवं वर्ष सुरू होताना बाईंनी आईबाबांना बोलावून दोघींना वेगवेगळ्या वर्गांत बसवायचं सुचवलं. बाबांना पटलं. आईला नाही.

"ती रडेल हो," आई म्हणाली. ती म्हणजे धाकटी, असंच सगळ्यांनी धरलं.

वर्ग वेगळे झाले तेव्हा सुरुवातीला ताईचा जीव टांगणीला लागला. मधली सुट्टी झाली की ती धावत सुटे. धाकटी पाण्याच्या नळाजवळ भिंतीला टेकून उभी असे आणि ताईला पाहताच तिचा चेहरा उजळे. ताईला त्या उजळण्याची चटकच लागली.

मग एक दिवस नळाजवळ कोणी नव्हतं. शोधता शोधता धाकटी जिन्याखाली सापडली. तिच्यासमोर पुढचे दात पडलेली एक बोबडी मुलगी बसली होती. बाटल्यांची झाकणं मांडून दुकान-दुकान चाललं होतं. बोबडीनं एक लाल झाकण पुढे केलं.

"तिला लाल नाही आवडत," ताई उभ्या उभ्या म्हणाली.

धाकटीनं मान वर केली. "मला आवडतं," ती म्हणाली आणि झाकण घेतलं.

ती रागावली नव्हती, सहज बोलली होती. म्हणूनच ते जास्त लागलं. बोबडीनं ताईला खेळायला बोलावलं, पण वर्गात काम आहे असं सांगून ती निघून आली.

काम कसलं असणार? वर्गात तिला मैत्रीण म्हणून कोणी नव्हती. सगळ्या सुट्ट्या नळाजवळ गेल्या होत्या. पुढचे काही दिवस ती खिडकीतून जिन्याकडे बघत बसली. धाकटीचं हसू तिथवर ऐकू येई. असं खळखळून हसताना तिनं धाकटीला कधी ऐकलं नव्हतं.

जेवताना ताई गप्पच. जीभ शाळेत विसरलीस का, अशी बाबांनी थट्टा केली, तेव्हा तिला करमत नाहीये म्हणून धाकटीनंच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ताई मैदानात गेली. तिच्या वर्गातल्या मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या.

"आम्ही खेळू का?" तिनं सवयीनं विचारलं.

दोरी फिरवणाऱ्या मुलीनं तिच्या मागे डोकावून पाहिलं. "आम्ही म्हणजे कोण? तू तर एकटीच आहेस."

ताईनंही मागे वळून पाहिलं. "मी," ती म्हणाली. "मी खेळू का?"

तिला दोरीचं टोक धरायला मिळालं. उडी मारायची पाळी काही सुट्टी संपेपर्यंत आली नाही.

घरी जाताना धाकटी रस्ताभर बोलत होती. बोबडीकडे ससा आहे, तो चपला कुरतडतो, तिची आजी त्याला जावई म्हणते. ताईलाही दोरीचं सांगायचं होतं, पण धाकटी थांबेना. हे एवढं सगळं तिच्या पोटात कधीपासून होतं, कोण जाणे. घराचा कोपरा दिसायला लागला तशी ताई मुद्दाम हळू चालू लागली.