सावडीची कंपनी

शेणव्याकडच्या धाऊ गोजराने रस्त्यालगतचा दीड एकर माळ विकला तो पोराच्या डिग्रीसाठी, आणि ती डिग्री कसली हे धड सांगता यायला त्याला पुढं सहा महिने लागले. शहापूरच्या बाजारात दहा जणांपुढं बोलून बोलून ‘उद्योजकता’ हा शब्द एकदाचा त्याच्या जिभेवर बसला. मास्तर, तलाठी व्हायला शिकावं लागतं हे गावाला ठाऊक होतं. धंदा करायलाही पुण्यात तीन वर्षं फी भरावी लागते, ही बातमी नवी होती. किराणावाला म्हणाला, “आमच्यात ते गल्ल्यावर बसून येतं.” तो जळतो, असं धाऊने घरी येऊन लहानीला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

२००३ साली आदेश डिग्री घेऊन आला. नोकरीचं विचारलं की म्हणायचा, “मी नोकरी मागणारा नाय, देणारा हाय.” महिनाभर ही नोकरी देण्याची तयारी खाटेवर पडून चालली. लहानी त्याला ताट तिथंच नेऊन देई.

मग भाताची लावणी आली आणि त्याला सावड दिसली. वाडीत बारा घरं. घरटी एक माणूस, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. असं करत साऱ्यांचा भात लागायचा. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. आदेशला हे बघून कळवळाच आला. त्याने वही काढली, मुरबाडहून शिक्का करून आणला आणि साऱ्यांना देवळात बोलावलं.

“आता दिवसाला एक कूपन,” तो म्हणाला. “काम केलं की कूपन मिळंल, कूपन दिलं की माणूस मिळंल. दहातलं एक कंपनीचं.”

“न् कंपनीचं कोण चिखलात उतरंल?” सुंदराने विचारलं. लावणीला पुढची ओळ तिची असायची, आणि वाडीत तिचा शब्द चालायचा.

“कंपनी मॅनेजमेंट बघंल.”

सुंदराने नुसती मान डोलावली. धाऊला ते कौतुक वाटलं.

आदेशने वहीत नावं वाचली. अकराच होती. धोंडीबाईचं नव्हतं. ती एकटी म्हातारी, पाय मोडका. तिच्या घरून माणूस येत नसे, तरी तिचं खाचर दरसाल सगळे मिळून लावायचे.

“तिच्याकडून परतावा नाय,” आदेश म्हणाला. “तोट्यातलं खातं बंद करावं लागतं.”

धोंडीबाई दाराशीच बसली होती. धाऊने तिच्याकडं बघायचं टाळलं आणि पोराकडं अभिमानाने बघितलं. ते त्याला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सावड लागली ती धोंडीबाईच्याच खाचरात. कूपन कुणी मागितलं नाही. मग एकेक करून बाकीची शेतं व्हायला लागली. गोजरांच्या शेताकडं कुणी फिरकलं नाही. धाऊचं आवण, म्हणजे लावणीचं रोप, वयाबाहेर जाऊन पेरं धरायला लागलं. आणखी आठवडा गेला असता तर वर्षभर खायचा भात गेला असता. मुरबाडहून मजूर आणावेत तर तेही आपापल्या लावणीत. शेवटी धाऊ सुंदराच्या ओट्यावर जाऊन बसला.

“सुंदरा, आमचंच का राहिलं गो?”

“सावड घरांची आसते, दादा. तुमची तर कंपनी झाली ना.” ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं नाही. “पोराला पाठव. आजून चार घरांचं बाकी हाय. त्याची पाठ वाकली की आमी येतो.”

आदेश चार दिवस वाकला. पहिल्या दिवशी त्याची ओळ तिरकी गेली, दुसऱ्या दिवशी तो कंबर धरून बांधावर आडवा झाला आणि बाया पोट धरून हसल्या. धाऊला हसू आलं नाही. तो त्याच्या शेजारी उतरला.

पाचव्या दिवशी दहा घरांची माणसं गोजरांच्या शेतात आली. मागून काठी टेकत धोंडीबाईही आली. चिखलात तिला उतरता येत नव्हतं; ती बांधावर बसली आणि आवणाच्या मुठी सोडवून एकेकाच्या हातात द्यायला लागली. आदेशची पाळी आली तेव्हा तिने मूठ जरा धरून ठेवली.

“माझं खातं उघडलंस का रे?”

 पुण्यातल्या तीन वर्षांत आदेशला हे कुणी विचारलं नव्हतं.

धाऊ खाली मान घालून लावत राहिला. माळ गेला त्याचं आता त्याला तेवढं वाईट वाटत नव्हतं. हे पोराला घरच्या बांधावर फुकटात शिकवता आलं असतं, आणि आपण मात्र देवळात मान ताठ करून बसलो, याची लाज वाटत होती.

“आदेश,” तो म्हणाला, “आजीला चहा घेऊन ये. न् वही घरी ठेवून ये.”