पांढऱ्याचं माप

कुलदीप अंगणातल्या बाजेवर चढला आणि मोबाईल जास्वंदीच्या इतका जवळ नेला की तोल जाऊ नये म्हणून नीलिमानं त्याचा शर्ट धरून ठेवला. फोटो निघाला. फुलाखाली पाच रंगांच्या पाच चौकटी उमटल्या.

"पुन्हा तेच," नीलिमा म्हणाली. "फूल लालभडक, आन् हे गुलाबी दाखवून राह्यलं."

मीराबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. संघप्रिया त्यांची नात, नीलिमा आणि राजुऱ्याचा कुलदीप तिच्या चंद्रपूरच्या कॉलेजातले. फोटोतले रंग वेगळे करून दाखवणारं ॲप तिघांनी मिळून बनवलं होतं. घर रंगवणाऱ्यानं, कापड विणणाऱ्यानं त्यातून रंगांची जुळणी निवडायची. रंगांना नावंही इथलीच: मोहफूल, तेंदूपान, धानाचा लोंबा. उद्या परीक्षकांपुढे ते मांडायचं होतं आणि सकाळपासून त्यात सगळंच फिकं येत होतं. वांगं फिकं, हळद फिकी.

मीराबाईंना मात्र कौतुक आवरत नव्हतं. त्यांच्या लहानपणी पळसाची फुलं उकळून रंग करायचे, तो एका धुण्यात उडायचा. ही पोरं रंग खिशात घालून फिरत होती.

"आजी, एखादं पांढरं कापड दे न," संघप्रिया म्हणाली. "काय बिघडलं ते पाहू."

मीराबाई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात एक लुगडं होतं.

"माह्या मायचं हाये. बौद्ध दीक्षेच्या दिवशी हेच नेसून चांद्याले, तुमच्या आताच्या चंद्रपूरले, गेली होती. मी एवढीशी. गर्दीत हरवू नये म्हणून सारी वाट याचा पदर धरून चालली."

आईचा त्या दिवशीचा चेहरा आता त्यांना आठवत नसे. तो पांढरा रंग तेवढा आठवे. पण ट्रंकेत राहून लुगडं सुक्या शेवयांसारखं पिवळट झालं होतं, म्हणून ते बाहेर काढणंही त्यांनी सोडलं होतं.

संघप्रियानं ते बाजेवर पसरलं. कुलदीपनं फोटो काढला. मीराबाई वाकल्या.

पडद्यावर लुगडं पांढरं होतं. त्या दिवशी होतं तसं. मीराबाईंनी नकळत पदराचं टोक मुठीत धरलं.

"राहू दे तसंच," त्या हळूच म्हणाल्या. "मिटवू नको."

नीलिमानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाजेकडे. "कापड पिवळं हाये. हे पांढरं दाखवते. कुलदीप, ॲपले पांढरा शिकवला तवा फोटो कशाचा घेतला होता?"

"माह्या शर्टाचा."

"हाच?"

कुलदीपनं बाही मीराबाईंच्या सुपाजवळ नेली. तांदळाशेजारी ती राखेसारखी दिसली.

"राजुऱ्याचा पांढरा," नीलिमा खोखो हसली. "घरासमोरून कोळशाचे ट्रक, आन् यानं दोरीवरचा शर्ट घेतला."

"त्यानंच झालं," संघप्रिया म्हणाली. "राखेले पांढरा मानलं, म्हणून बाकीचं सारं उजळून राह्यलं."

कुलदीप बाही खाली ओढत म्हणाला, "माय तर दरवेळी नीळ घालते."

नीलिमाचं हसू ओसरलं.

संघप्रियानं कोरा कागद आणला. आता पांढऱ्याचं माप तो. कुलदीपनं लॅपटॉप मांडीवर घेतला, पण बोटं तशीच थांबली. मीराबाईंच्या मुठीतला पदर त्याला दिसला होता.

"आजी, हे दुरुस्त केलं का तुमचं लुगडं पुन्हा पिवळं दिसन. आधीचा फोटो ठेवू का तुमच्यासाठी?"

मीराबाईंनी मोबाईल दोन्ही हातांत घेतला. पडदा आपोआप मंद होऊन विझेपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग तो त्याच्या हातात दिला.

"नको. दुरुस्त कर बापू. चुकलेलं घेऊन नका जाऊ उद्या."

तिघांची डोकी एकत्र आली. कोणी कोणाला 'तुझ्यामुळे झालं' म्हणालं नाही. मीराबाई सूप मांडीवर घेऊन त्यांच्याचकडे पाहत बसल्या. तांदूळ तसेच राहिले. कामात कोणाची चूक निघाली की घरभर भांडी आपटताना त्यांनी जन्मभर ऐकली होती. या पोरांनी मात्र चूक तांदळातल्या खड्यासारखी उचलून बाजूला ठेवली होती.

जास्वंद लाल आली. वांगं जांभळं, हळद हळदीची. शेवटी लुगडं. पहिली चौकट पिवळट.

नीलिमा नाव टाकायला लागली. "शेवई लिहू?"

"पांढरा लिही," कुलदीप म्हणाला. "पांढरा, चांदा."

नीलिमानं मीराबाईंकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

मग कुलदीपनं, कोणी सांगितलं नसताना, आपल्या बाहीचा फोटो काढला. राखेच्या रंगाची चौकट आली. खाली नावाची जागा रिकामी. तो त्या रिकाम्या जागेकडे नुसता बघत राहिला.

मीराबाईंनी सूप खाली ठेवलं. चष्मा पुसला.

"आन इकडे. मले दाखव कसं लिहितात ते."

त्यांचं बोट अक्षरांवरून चाचपडत फिरू लागलं. पांढरा एवढं जमलं. पुढे बोट अडलं, तेव्हा नीलिमा त्यांच्या खांद्याशी येऊन वाकली.

"राजुऱ्याचा र इथी हाये, आजी."