बैलांचा गूळ

दहा हजार दंड, सहा महिने लायसन बंद, पुन्हा पिऊन चालवताना सापडले तर जेल. घाटंजीच्या कोर्टातून भगवानराव एवढं घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांची बायको तानाबाई पायरीवर वाट पाहत होती. बाजारातून पिऊन येताना त्यांनी जुन्या सवयीनं डोळे मिटले आणि ट्रॅक्टर नालीत गेला होता.

"बैल असते तं बराबर घरी आनलं असतं," ते पुटपुटले.

खरंच होतं. ट्रॅक्टर येण्याआधी बैलगाडीत झोपलेल्या नवऱ्याला बैल दर बाजारी दारात आणून उभे राहत, आणि ती कौतुकानं त्यांना गूळ चारी.

"आनलं असतं न," ती थकून म्हणाली. "अन् मी आजही त्याईलेच गूळ चारला असता. पेले काहून, हे तुमाले कधी इचारलंच नसतं."