या सालाचं नाव

क्वॉन इन-मोक यांना डोळ्यांनी दगा दिला होता, आणि ही गोष्ट त्यांनी साऱ्या भावकीपासून लपवून ठेवली होती. कोरियातल्या आन्दोंगजवळच्या डोंगरावर दर शरदात भावकी पूर्वजांच्या थडग्यांपुढे जमायची, आणि पितरांना उद्देशून छापलेला मजकूर वाचायचा मान चाळीस वर्षं त्यांचा होता. गेल्या साली भिंगातून कशीबशी अक्षरं लागली, तेव्हाच त्यांनी तो मजकूर तोंडपाठ करून टाकला. यंदा भिंगाचाही उपयोग उरला नव्हता.

हे फुटलं असतं तर मान चुलतभाऊ मान-शिककडे गेला असता. तो टपूनच बसला होता, आणि वाचायचा असा की बसथांब्यावर गावांची नावं पुकारतोय. इन-मोकना मान द्यायचा होता तो दिवंगत थोरल्या भावाच्या नातवाला, जे-उकला. पोरगा ब्राझीलमध्ये जन्मलेला. घरगुती कोरियन बोलायचा, पण अक्षराला अक्षर लावता येत नव्हतं, आणि येणार होता तो विधीच्या आदल्या दिवशी.

सूनबाई मीरान शेतकरी सहकारी संस्थेत संगणकावर काम करायची. तिने जेवणाच्या टेबलावर बसून तीन संध्याकाळी खर्चल्या आणि छोटासा प्रोग्रॅम लिहून काढला. आपलं प्रत्येक अक्षर म्हणजे संगणकाला एक आकडा, ती सासऱ्यांना सांगत होती. पहिल्या अक्षराचा आकडा वजा केला, अठ्ठावीसने भागलं की बाकीतून शेवटचा आवाज सुटा होतो, आलेल्या भागाकाराला एकवीसने भागलं की मधला आणि पहिला. मग तिन्हींच्या जागी जे-उकला वाचता येतील अशी रोमन अक्षरं ठेवायची. तसंच उलट दिशेनेही. इन-मोकना भागाकार फारसा कळला नाही, पण सहाशे वर्षांपूर्वी घडवलेली अक्षरं अशी अलगद उकलतात आणि पुन्हा तशीच बसतात, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं.

"मग हा छापील कागदच घाल की त्यात," ते म्हणाले.

"कागद घातला तर नुसती अक्षरं येतील, मामंजी. तुमचं वाचणं कसं येणार? तुम्ही वाचा, मी टिपून घेते."

म्हातारबुवांनी चष्मा चढवला, कागद डोळ्यांपुढे धरला आणि पाठ असलेलं म्हणून दाखवलं. जिथे सूर लांबवला तिथे तिने तेवढ्या लांबीच्या रेघा घातल्या, जिथे श्वास घेतला तिथे जागा सोडली. मग तो मजकूर प्रोग्रॅममधून उलटा फिरवून ती छापील कागदाशी ताडून बघायला बसली. मध्येच कळफलकाची टकटक थांबली. इन-मोकचा जीव टांगणीला लागला.

"जुळलं, मामंजी."

"एकही चूक नाही?"

"तुमच्या वाचण्यात कसली चूक निघणार?"

ते खूश झाले. त्यानंतर घरातही बरं चाललं होतं. सूपची वाटी रोज त्याच जागी, चमचा उजव्या हाताशी, जोडे उंबऱ्यापाशी सरळ लावलेले. सून एकाएकी टापटिपीची झाली, असं त्यांना वाटलं.

विधीच्या सकाळी थडग्यांपुढे सुकी मासळी, पर्सिमनची फळं, तांदळाच्या वड्या मांडल्या गेल्या. जे-उकच्या हातातला रोमन अक्षरांचा कागद बघून मान-शिक म्हणाला, "आता काय पितरांनी इंग्रजीच्या शिकवणीला जायचं?"

"आपण चिनी अक्षरं सोडली तेव्हा ते रुसले नव्हते," इन-मोक म्हणाले. "यंदाही येतील."

सगळ्यांनी गवतावर कपाळं टेकली. जे-उक वाचू लागला. पहिला शब्द त्याने असा लांबवला की इन-मोकच्या अंगावर काटा आला. तो त्यांचा सूर होता, आणि त्यांना तो वडिलांकडून आला होता. ब्राझीलच्या पोराच्या तोंडून तो जसाच्या तसा निघत होता. पुढे दर वर्षी बदलणारं सालाचं नाव आलं: "उल्सा."

इन-मोक दचकले. टेबलाशी बसून त्यांनी "काप्जिन" म्हटलं होतं. ते गेल्या सालाचं नाव. पाठ केलेलं तेच तोंडून गेलं होतं, आणि तेव्हा हातात धरलेल्या कागदावर मात्र यंदाचं छापलेलं होतं. कळफलकाची टकटक का थांबली होती ते आता त्यांना कळलं. वाटी रोज त्याच जागी का असायची, तेही कळलं.

वाचून झाल्यावर कागद जाळायचा असतो. मान-शिकने हात पुढे केला.

"थांब," इन-मोक म्हणाले. "मीरानला पुढे बोलवा."

बायका मागे, भांड्यांपाशी उभ्या होत्या. कुजबूज झाली. ती आली तेव्हा त्यांनी जे-उककडून कागद घेतला, पावलांच्या आवाजाकडे धरला आणि हळू आवाजात विचारलं, "सालाचं नाव तू बदललंस?"

"हो, मामंजी."

"कुणाला बोललीस?"

"नाही. यांनाही नाही."

ते भावकीकडे वळले. "माझे डोळे गेले आहेत. दोन वर्षं झाली, मी तुम्हाला फसवत आलो. यापुढे जे-उकच वाचेल. कागद मीरान करेल, आणि जाळेलही तीच."

मान-शिकने पुढे केलेला हात मागे घेतला. मीरानने काडी ओढली आणि कागद पेटवला. मग डोंगर उतरताना इन-मोकनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला.