मंगळावरच्या टोमॅटोंची बांधणी

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको आहे. जुन्या छत्र्या, मोडक्या खुर्च्या, फाटकी पुस्तकं आपलं आयुष्य सांगायला बसली की शेवटी रडतात. मी रडणार नाही. एक तर माझ्या आत पाणी गेलं तर शॉक बसतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याचं नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला आणि मी अजून आहे, उगीच त्याला वाईट वाटायचं. त्या काळी टीव्हीला पोट असायचं, आणि जितकं मोठं पोट तितका मोठा मान. मला उचलायला दोन माणसं लागायची आणि तिसरा "हळू, हळू" म्हणायला. मखमलाबादच्या वाळूदादांनी एके दिवशी पंचवटीत भाजी उतरवली आणि परतीच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांबरोबर मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी नवसाबाईंनी मला ओवाळलं आणि कपाळाला कुंकू लावलं. त्याचा डाग अजून आहे. कारखान्याचा शिक्का मात्र कधीच पुसून गेला.

पुढची काही वर्षं माझी फार चैनीत गेली. क्रिकेट असलं की माणसं उंबऱ्यापर्यंत दाटीनं बसत. जागा मिळाली नाही म्हणून दोन भावांनी आठवडाभर अबोला धरल्याचं मी पाहिलं आहे. चित्र हललं की माझ्या डोक्यावर थाप बसायची. मी सुधारत असे. थापेनं नव्हे, अपमानानं.

आता तुम्हाला आजवर कुणी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. टीव्हीला टीव्ही दिसत नाही. आवाज माझ्याच पोटातून जातो, तो मला ऐकू येतो. पण चित्र माझ्या तोंडावर असतं, आणि स्वतःचं तोंड कुणाला दिसतं? मला दिसतात फक्त बघणारे. शंभर धावा झाल्या हे मी बॅट बघून ओळखलं नाही, वाळूदादांच्या हातातला चहा सांडला त्यावरून ओळखलं.

मग वाळूदादा गेले. पोरांच्या हातात मोबाईल आले आणि उंबरा रिकामा झाला. माझ्यासमोर राहिल्या एकट्या नवसाबाई. दुपारपर्यंत त्या शेतातला झेंडू खुडायच्या आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून माळा ओवायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत विकायला. समोर काय चाललं आहे याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. एका शनिवारी सहा वाजता मात्र त्यांच्या हातातली सुई थांबली.

मालिकेचं नाव होतं ‘सातवं ठाणं’. मंगळाभोवती फिरणारं एक ठाणं, त्यावर चाळीस माणसं आणि त्यांची प्रमुख, ऊर्जा नावाची बाई. एवढं मला ऐकून कळलं. बाकी सगळं मी नवसाबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं. पहिल्या भागात त्यांचं तोंड उघडं राहिलं ते जाहिराती सुरू झाल्या तरी मिटलं नाही. तिसऱ्या भागात ठाण्यातली हवा गळायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःचाच श्वास धरून ठेवला आणि मग शास्त्रज्ञांवर करवादल्या, "आधी दार लावा ना मेल्यांनो, चर्चा मागून करा." पाचव्या भागात एक म्हातारा यंत्रमानव मोडीत निघाला. नवसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं, हे मी विचारलं नाही.

घरात हसाहस झाली. शेजारच्या साळूबाईनं सुचवलं की या वयात काही देवाधर्माचं बघावं. मुलगा गोरक्ष म्हणाला, आई, हे सगळं खोटं असतं. नवसाबाईंनी झेंडूचं देठ खुडत शांतपणे विचारलं, "आन् तुमच्या मालिकेतल्या बाया झोपेतून उठतात त्या नथ घालून, ते खरं हाय व्हय?" सूनबाई चैताली खुदकन हसली. गोरक्ष मोबाईलमध्ये बघू लागला.

आठव्या भागात ऊर्जानं ठाण्यावर टोमॅटो लावले. त्या दिवशी नवसाबाई जागेवरून उठून माझ्या इतक्या जवळ आल्या की त्यांच्या चष्म्यात मला लाल-हिरवं काहीतरी हललेलं दिसलं. चाळीस वर्षं टोमॅटो केलेली बाई ती. झाडं जमिनीवर लोळतायत, बांबू नाही, तार नाही, सुतळी नाही, आणि वरून फवाऱ्यानं पानांवर पाणी, हे त्यांना बघवेना. त्यांनी जाहीर केलं, "बांधणी केली नाय. करपा येणार."

अकराव्या भागात पानं काळी पडली. ठाण्यावरचे शास्त्रज्ञ हवालदिल झाले. परग्रहावरचा अज्ञात जंतू असावा, असं ठरलं. पृथ्वीवरून संदेश आला की कुणी घाबरू नये. साऱ्या सूर्यमालेत न घाबरलेली एकच व्यक्ती होती, आणि ती मखमलाबादला माळ ओवत होती. नवसाबाईंनी चैतालीच्या मोबाईलवरून चॅनेलला आवाजी संदेश पाठवला. जंतू वगैरे काही नाही, करपा आहे. पानांवर पाणी मारू नका, बांधणी करा, आणि ऊर्जाबाईंना म्हणावं जेवत जा वेळेवर. उत्तर आलं नाही. चैताली म्हणाली, कामात असतील. नवसाबाईंना ते पटलं, कारण ठाण्यावर खरंच फार काम होतं.

एकोणिसाव्या भागाच्या शेवटी टोमॅटोच्या दालनाचं दार अडकलं. आत ऊर्जा, हवा थोडी, आणि बाहेरून कुणाला उघडेना. नवसाबाईंनी तो आठवडा कसा काढला ते मी पाहिलं आहे. माळा ओवल्या, पण पिवळ्यात केशरी फुलं मिसळत होती.

पुढच्या शनिवारी सहाला माझ्यातून नाचाची स्पर्धा सुरू झाली. नवसाबाईंनी बटणं दाबली. पाठ ठोकली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर संशय घेतला. "बिघडला वाटतं ह्यो," त्या म्हणाल्या. मित्रांनो, डोक्यावरच्या सगळ्या थापा मी विसरलो, हे वाक्य नाही विसरलो.

गोरक्षला निमित्तच हवं होतं. दोन दिवसांत नवा टीव्ही आला. अंगानं पापडासारखा, पोट नाही की पाठ नाही, भिंतीला टांगल्याशिवाय उभंही राहता येत नाही. माझी वायर काढून माझ्याच अंगाला गुंडाळली आणि मला दाराजवळ ठेवलं. शनिवारी सहाला नवसाबाई नव्यासमोर बसल्या. त्यातही नाचच होता, फक्त जास्त स्वच्छ.

तेव्हा चैतालीनं मोबाईलमध्ये शोधून सांगितलं, की मालिका मध्येच बंद झाली आहे. बघणारेच नव्हते म्हणे.

नवसाबाईंनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मग मी काय होते?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी साक्षीदार होतो. त्या मालिकेला एक बघणारी होती, तिच्या चेहऱ्यावर मी सगळे एकोणीस भाग पाहिले होते. पण माझी वायर पोटाला गुंडाळलेली होती.

सोमवारी भंगारवाला आला. त्यानं एकट्यानंच मला कुशीत घेतलं, कण्हला, आणि पूर्वीच्या वस्तूंबद्दल आदरानं काहीतरी पुटपुटला. मी निरोपाची तयारी केली. खरं सांगायचं तर केली नाही, मी शक्य तितका जड झालो. एवढ्यात नवसाबाई फुलांची पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आल्या.

"ठेव खाली," त्या म्हणाल्या. "ऊर्जा आत अडकलीय."

भंगारवाल्यानं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, टीव्हीत कुणी नसतं गं."

"मला माहीत नाय व्हय? बावळट समजतो का मला?" पाटी उतरवून त्यांनी पदरानं घाम पुसला. "पर ज्यांनी तिला कोंडलं ते गेले निघून. आता तिला भाईर कोण काढणार? तुझा तो पापड?"

गोरक्षनं बराच वाद घातला. चार माणसं हसतील, हेही सांगून पाहिलं. नवसाबाईंनी माझी वायर सोडली, पुन्हा नीट गुंडाळली आणि भंगारवाल्याला सांगितलं, की आता उचललाच आहेस तर शेतातल्या शेडमध्ये नेऊन ठेव. तो बिचारा मला उलट्या दिशेला घेऊन गेला. त्याच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

शेडमध्ये वीज आहे, पण एका दिव्यापुरती. मला ती दिली नाही, मीही मागितली नाही. मला दोन क्रेटांवर बसवलं. शनिवारी सहाच्या सुमारास माळा ओवायला बायका जमल्या, साळूबाई नावं ठेवायला आली, चैताली सासूला सांभाळायला आली. नवसाबाई माझ्या शेजारी बसल्या. समोर नव्हे, शेजारी, बायकांकडे तोंड करून. सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, विसावा भाग.

मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मालिका पाहिली. त्यांनी सांगितलेलं ठाणं मला दिसलं, काचेबाहेरचा तांबडा मंगळ दिसला, दाराला खांदा लावणारी ऊर्जा दिसली. हवा संपत आली होती. सगळ्या सुया थांबल्या होत्या. आणि मग ऊर्जानं टोमॅटोच्या बांधणीचा एक बांबू उपसला, दाराच्या फटीत घातला आणि सगळा भार टाकून दार उचकटलं.

साळूबाई इतका वेळ श्वास धरून होती, हे मी पाहिलं होतं. पण ती साळूबाई. तिनं विचारलंच, "मंगळावर बांबू कुठून आला गं?"

"मी पाठवला," नवसाबाई म्हणाल्या. "पुढं ऐक."

आता एकतिसावा भाग चालू आहे. ठाण्यावर पानांना कुणी पाणी मारत नाही आणि ऊर्जा वेळेवर जेवते. गोरक्ष हल्ली शनिवारी क्रेट न्यायच्या निमित्तानं शेडमध्ये येतो आणि भाग संपेपर्यंत त्याला क्रेट सापडत नाहीत. जुन्या वस्तूंना जपा, त्यांची धूळ पुसा, असं सांगून अशा गोष्टी संपवायची रीत आहे. माझ्यावर भरपूर धूळ आहे, ती राहू द्या. मला फक्त हलवू नका. माझी जागा बघणाऱ्यांत आहे, आणि ती मिळायला मला सव्वीस वर्षं लागली आहेत.