थांब कुणीही म्हणावं

उचल: तर्जनी वर, हवेत लहान वर्तुळ.

तिनं वर्तुळ काढलं आणि शंभर फूट उंचीवरच्या केबिनमध्ये बसलेल्या तिच्या नवऱ्यानं लोखंडी तुळई अलगद उचलली. साइटवर तिला सगळे मुकादमीण म्हणतात. तो क्रेनवाला. अकरा वर्षं तो तिच्या बोटावर चालतोय, आणि त्यावरचे विनोद दोघांनी केव्हाच ऐकून संपवलेत.

रविवारी भांडी विसळताना त्यानं नळाकडे बघत विचारलं होतं, की घरीसुद्धा असं चालेल का. कधीतरी, एखादी संध्याकाळ, दार लावून. तू सांगायचंस, मी करायचं, पलंगावरही. ती हसली. मनात वाईट काही नव्हतं, पण हसली. त्याचे कान लाल झाले. तेव्हापासून चार दिवस तो फक्त दूध आणि गॅस यांवर बोलत होता. आता आपण गप्प राहिलो तर हा माणूस पुन्हा कधी काही मागणार नाही, हे तिला कळत होतं.

उतरव: तर्जनी खाली.

जेवणाच्या सुट्टीत तो खाली आला. विटांच्या थप्पीवर ती त्याच्या शेजारी बसली.

“तुला कमीपणा नाही वाटणार?”

“दिवसभर वाटतो का?”

“ते काम आहे.”

“वरून मला खालचं काही दिसत नाही. तुला दिसतं. तेवढा वेळ डोकं किती निवांत असतं, तुला नाही कळायचं.”

“आणि माझ्याकडून जास्त झालं तर?”

त्यानं डब्याचं झाकण फाटकाजवळच्या, क्रेनचे नियम लिहिलेल्या पाटीकडे रोखलं. हुकूम एकानंच द्यायचा. थांब मात्र कुणीही म्हणावं, आणि ते लगेच ऐकायचं, कारण नंतर.

हळू: एक हात स्थिर, त्याखाली दुसरा.

शनिवारी चहा झाल्यावर दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसले. काय चालेल, काय अजिबात नको, काय आधी विचारून. त्यानं लिहिलं, कान धरायचा नाही, शाळेतले मास्तर आठवतात. तिनं लिहिलं, बाईसाहेब म्हणायचं नाही, हसू येतं. बाकीच्या ओळी त्यांच्या त्यांच्यापाशी.

थांब: दोन्ही हात आडवे, तळवे खाली.

संध्याकाळी खोलीचं दार लावून ती उभी राहिली. आवाज साइटवरचाच निघाला.

“शर्ट काढ. घाई नको.”

तो एकेक बटण काढू लागला. जिभेचं टोक दातांत, भुवया सैल, कपाळावर एक आठी नाही. तुळई खाचेत बसवताना तो असाच दिसत असणार. अकरा वर्षं खालून तिला फक्त केबिनची काच दिसली होती. इतका सुखात असतो हा?

तिचे डोळे भरून आले, आणि तिच्याही नकळत तिचे दोन्ही हात आडवे झाले.

तो जागीच थांबला, तिसरं बटण चिमटीत. का, ते विचारलं नाही. पाटीवरची ‘थांब’ची ओळ फक्त त्याच्यासाठी आहे, असं ती आतापर्यंत धरून चालली होती.

तिनं बाहीला डोळे पुसले, नाक ओढलं. मग तिला हसू फुटलं, आणि या वेळी त्यालाही.

“काही नाही,” ती म्हणाली. “बघत होते तुला.”

तो अजून तसाच उभा होता, बटण धरून. तिनं तर्जनी वर केली, त्याच्या नाकासमोर एक लहान वर्तुळ काढलं.

त्यानं बटण सोडलं आणि तिला अलगद उचललं.