समुद्राकडच्या भिंतीचा ओळंबा

मित्रांनो, तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिलं असेल, पण नावानं ओळखलं नसेल. दोरीच्या टोकाला लटकायचं आणि खरं काय ते दाखवून गप्प बसायचं, एवढाच ज्याचा उद्योग, असा मी एक जुना पितळी ओळंबा आहे. अंगानं लिंबाहून थोडा मोठा, खाली निमुळता, डोक्यावर दोरी ओवायला भोक. माझ्या दोरीवर एक लाकडी ठोकळा असतो, रुंदीला अगदी माझ्याएवढा. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. मी भिंतीपासून लांब राहिलो, तर भिंत वरून माझ्या बाजूला कललेली. यात माझी हुशारी काही नाही. देवानं पृथ्वीला जी ओढ दिली आहे, तिच्या मी आज्ञेत असतो, इतकंच.

माझा जन्म लेथवर झाला. फिरता फिरता माझ्या अंगावरून पितळेच्या चकचकीत साली निघाल्या. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण वजन मधोमध नसेल तर तो ओळंबा कसला? तिथून मी एका तरुण गवंड्याच्या हाती आलो आणि पुढची चाळीस वर्षं त्याच्याच हाती राहिलो. त्या किनाऱ्यावरची शाळा, टपाल कचेरी, बर्फाचा कारखाना, सगळ्यांच्या भिंती माझ्यासमोर उभ्या राहिल्या. समुद्राचा वारा कितीही सुटला, तरी त्याच्याकडे असताना माझा झोका चार श्वासांत थांबायचा. कसा, ते पुढे सांगतो. लोक म्हणायचे, याची भिंत म्हणजे इस्त्रीची घडी. मी मनातल्या मनात फुगायचो.

मग भिंतीवर लाल रेघ मारणारी यंत्रं आली. गवंड्याचे हातही कापू लागले. एके दिवशी त्याच्या वहिनीनं जाळं ताणून धरायला काहीतरी जड मागितलं आणि त्यानं दोरी-ठोकळ्यासकट मला देऊन टाकलं. ही वहिनी म्हणजे जाळी विणणारी आणि दुरुस्त करणारी बाई. अख्खी वस्ती तिला जाळेआजी म्हणते. तिनं मला जाळ्याच्या कोपऱ्याला बांधलं. खाऱ्या हवेनं मी हिरवा पडलो. ज्यानं भिंती तोलल्या, तो आता जाळ्याचा धोंडा झाला. वाईट वाटायचं, पण आजी काम करताना गुणगुणायची, त्यावर दिवस जायचे.

आणि मग ते चक्रीवादळ आलं. आजीचं घर, जे गवंड्यानं स्वतः मला हाती धरून बांधलं होतं, तेही गेलं. भिंती सरळच होत्या हो. पण लाटांनी पायाखालची वाळूच नेली. जाळं मात्र विजेच्या खांबाला अडकलं आणि त्यात गुरफटून मी राहिलो. आजी, तिची सून आणि गवंडी शाळेच्या हॉलमध्ये राहायला गेले. मुलगा लांबच्या बोटीवर कामाला होता, तो लगेच येऊ शकत नव्हता. सुनेला आठवा महिना सरत आला होता.

तिसऱ्या आठवड्यात एक बस आली. त्यातून एकोणीस माणसं उतरली. आतल्या गावांमधल्या चर्चची ही मंडळी, पंधरा दिवसांची रजा काढून आलेली. भांडी त्यांची, सिमेंटची पोती त्यांची, घाम त्यांचा. एक बेकरीवाला होता, एक शिंपी होता, एक हॉस्पिटलमधली नर्स होती. सगळे होते, गवंडी तेवढा नव्हता. पाणसळ म्हणून काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून सरळपणा दाखवणारं एक साधन त्यांनी आणलं होतं, पण पहिल्याच दिवशी शिंपीमामा जेवताना त्याच्यावर बसले आणि ते फुटलं.

ढिगारा उपसताना नर्सला मी सापडलो. तिनं जाळं कापलं, जुन्या ब्रशनं राख लावून मला घासलं आणि म्हणाली, "अरे, हा तर अजून चमकतोय." मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी मला असं म्हटलं, की वाटलं हिच्यासाठी जन्मभर लटकेन.

त्यांचे पुढारी होते पाळकसाहेब. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं गाणं. खडकावर घर बांधणाऱ्याचं घर पुरात टिकतं आणि वाळूवर बांधणाऱ्याचं वाहून जातं, ही बायबलातली गोष्ट ते सांगायला लागले, की दोन वाक्यं बोलायचे आणि तिसरं वाक्य आपोआप सुरात जायचं. विटा उचलणारे हात त्या सुरावर हलायचे. आजी त्यांच्या चर्चमध्ये कधी गेली नव्हती. कुणी तिला येतेस का असं विचारलंही नाही. वाळूपासून मागे, कठीण जमिनीवर घर तेवढं बांधायला घेतलं. पण ती लांब बसून तो सूर हळूच उचलायची.

फक्त एक गोष्ट होती. सिमेंट-वाळूचा माल कालवून घमेली भरली, की पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करायचे. प्रत्येक घमेल्याला. त्यात आजारी येत, अनाथ येत, समुद्रावरची माणसं येत, पाळकसाहेबांच्या मावशीचे गुडघेही येत. आमेन होईपर्यंत माल घट्ट व्हायचा. मग बेकरीवाला त्यात पाणी ओतून पुन्हा मळायचा. बिचाऱ्याचा जन्म पिठात गेलेला. त्याला काय ठाऊक, की पीठ मुरलं की चांगलं होतं आणि सिमेंट मुरलं की संपतं?

आणि माझं काम नर्सकडे होतं. समुद्राकडची भिंत उभी राहत होती. दाराच्या मोकळ्या जागेतून वारा आत यायचा आणि मी हेलकावे खायचो. नर्सनं आयुष्यभर थरथरणारे हात हातात घेतलेले. तिला माझी दया आली. तिनं मला अलगद धरलं, भिंतीशी टेकवलं आणि वर हाक दिली, "लागला. बांधा पुढे." असं रोज झालं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे?

गवंडी समोर उपड्या खोक्यावर बसून सगळं बघत असायचा. तेराव्या दिवशी तो एकदा उठला, दोन पावलं चालला आणि परत बसला.

नर्स संध्याकाळी मला हॉलच्या खिडकीच्या कडीला अडकवायची, सुनेच्या अंथरुणाच्या बरोबर वर. म्हणून त्या रात्री मला ऐकू आलं. गवंडी आजीला म्हणाला, "वहिनी, समुद्राकडची भिंत कलली आहे. आतल्या बाजूला."

आजीच्या हातातली सुई थांबली. "भाऊजी, मग त्यांना बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलू? मी बांधलेलं घर समुद्र घेऊन गेला."

आजीनं दोरा तोडला. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं सांगू लागली, की ही माणसं आपल्या चुली सोडून आली, आपल्या हातांना फोड आणून घेतले, परवा तर त्यांची बस निघणार. अशांच्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे जीभ झडायची. छप्पर घालून होऊ द्यावं, नंतर बघता येईल.

सून कुशीवर वळली. तिचं पोट सांभाळत म्हणाली, "आई, पाळणा त्याच भिंतीला लागणार आहे."

आजीनं सुई खोचून ठेवली आणि दिवा मालवला.

सकाळी घमेली भरली होती. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. एवढ्यात आजी पुढे आली. "साहेब, तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आज प्रार्थनेआधी एक बादली पाणी लागेल."

बादली आली. गवंड्यानं ती भिंतीच्या बुडाशी ठेवली. त्यानं माझा ठोकळा उचलून पाहिला, पण त्याचे हात फारच कापत होते. मग त्यानं नर्सला लाकडी घोडीवर चढवलं. "सिस्टर, तुम्ही ठोकळा भिंतीला दाबून धरा. त्याला मात्र सोडा."

"काका, तो हलतोय हो."

"हलू द्या. पाण्यात गेला की आपला आपण थांबेल. धरलेला ओळंबा धरणाऱ्याच्या मनातलं बोलतो."

मी पाण्यात उतरलो. माझा झोका मंदावला. एक, दोन, तीन, चार श्वास. मी थांबलो. हीच ती युक्ती, मित्रांनो. वारा पाण्याखाली येत नाही.

गवंड्यानं बोटं लावली. वर ठोकळ्याशी भिंत आणि दोरी यांत एक बोट अंतर होतं. खाली बादलीच्या काठाशी तीन बोटं होतं. मग त्यानं थापीचं टोक विटांच्या सांध्यात खुपसलं. दोन वेळा भिजवलेला माल वाळूसारखा भुरभुर गळाला.

नर्स घोडीवरून उतरली आणि तिथंच बसली. मीच त्याला धरलं, मीच, एवढंच ती म्हणत होती. गवंडी तिच्यासमोर वाकला. "तुमची माया नाही चुकली, सिस्टर. जागा चुकली. आणि मी रोज बघत होतो. बोललो नाही. माझी चूक मोठी."

सगळे पाळकसाहेबांकडे बघू लागले. भिंत पाडायची म्हणजे बस जाणार आणि घर अर्धं राहणार. पाळकसाहेबांनी कोपऱ्यातला हातोडा उचलला. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत लहान प्रार्थना मी त्या दिवशी ऐकली. "प्रभू, चुकलो. आमेन." आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

दुसऱ्या दिवशी बस निघाली, तेव्हा तिच्यात अकराच माणसं बसली. पाळकसाहेब, नर्स, बेकरीवाला आणि आणखी पाच जण मागे राहिले. नर्सनं रजा वाढवून घेतली. बेकरीवाल्यानं बायकोला निरोप धाडला, की भट्टी तू बघ, मी भिंत बघतो. तिनं उलट निरोप दिला म्हणे, की पाव तरी कधी सरळ भाजलात, भिंत जपून बांधा.

गवंडी खोक्यावर बसून सांगायचा आणि आठ जण ऐकायचे. हात कापायचे त्याचे, बोल कापत नव्हता. पहिलं घमेलं भरलं आणि सवयीनं पाळकसाहेबांचे डोळे मिटले, तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, "साहेब, देवाला घाई नाही. या मालाला आहे." सगळे पोट धरून हसले, पाळकसाहेब सर्वांत जास्त. त्यांनी थापी घेतली आणि प्रार्थना सुरात घेऊन काम करता करताच म्हटली. आजारी आले, अनाथ आले, मावशीचे गुडघेही आले, आणि आमेनपर्यंत विटांचा एक थर लागून झाला.

भिंत पाडल्यापासून नवव्या दिवशी छप्पर चढलं. दार बसवत असतानाच सुनेला कळा सुरू झाल्या. नर्स तशीच, सिमेंटच्या हातांनी, तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी ती घरी आली आणि पाळणा समुद्राकडच्या भिंतीला लागला. निघण्याआधी पाळकसाहेबांनी त्या खोलीत बसून आपली खडकावरच्या घराची गोष्ट गायली. या वेळी आजीनं सूर हळूच नाही, मोकळ्या गळ्यानं उचलला. गवंडी भिंतीला पाठ टेकून ऐकत होता. आपल्याच वस्तीतल्या भिंतीला पाठ टेकायला तो वादळानंतर पहिल्यांदा धजावला होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार गंजत पडलं असेल. ते पुसून ठेवा. एखादं म्हातारं माणूस खोक्यावर गप्प बसलेलं असेल. त्याला विचारा, तुम्हाला काय दिसतंय? आणि कुणी तुमच्यासाठी जिवापाड राबत असेल आणि त्यात चूक दिसली, तर उपकारांचं ओझं म्हणून गप्प बसू नका. पाण्याची बादली आणा. आभार त्यानंही मानता येतात.

मी आता पाळण्यावरच्या खिळ्याला टांगलेला असतो. नर्स मला घासून, नवी दोरी ओवून गेली. सागरवारा आला की मी झुलतो आणि आजीची नात मूठभर हातानं मला गच्च पकडते. सोडतच नाही. गवंडी म्हणतो, धरू दे तिला.

धरू दे. भिंत सरळ आहे. मला आता कुणाला काही दाखवून द्यायचं नाही.